फुकटचं पान

बिबवेवाडीत, शिंगवीच्या वजनकाट्यांच्या दुकानावर
एक खोली आहे. शनिवारी रात्री आम्ही बसतो.
चिप्स नाहीत, शर्टाची बटणं आहेत:
पांढरं दहाचं, काळं पन्नासचं,
कोटाचं पितळी म्हणजे पाचशे.

माझ्या हातात दोन राण्या.
इस्पिकची, बदामची.
बोली वाढवली. मोहोळ मॅडम आल्या, शिंगवी आला.
फिरोज अत्तारनं तीन पानं उघडली:
किलवरचा गुलाम, किलवरची नव्वी,
चौकटची चव्वी.

आता बघा.
या घटकेला खोलीत माझ्याहून मोठं कुणी नाही,
बहुतेक.
पण दोन किलवर शेजारी शेजारी बसलेत,
तिसऱ्यासाठी जागा धरून.
गुलाम आणि नव्वीच्या मध्ये
दश्शीएवढी फट आहे, तिथून वारा येतोय.
आणि राजा आला, तर राणीला कोण विचारतं?

मी अंजिरांचा आडत्या. मार्केट यार्डात एकोणीस वर्षं.
सासवडकडून माल येतो, पानांत गुंडाळलेला.
पहाटे चारला गाळ्यावर
त्याच्याइतकं देखणं काही नसतं.
अकराला बुडाशी पाणी सुटतं.
संध्याकाळी मुंग्या भाव ठरवतात.
वडील म्हणायचे, बटाटा वाट बघतो रे,
अंजीर नाही बघत.

म्हणून गप्प बसून गिऱ्हाईक आत ओढायचं
हे बटाटेवाल्यांनी करावं.
पुढचं पान बघायचंय? बघा की.
पैसे पडतील.
मी एक पितळी पुढे सारलं.

मोहोळ मॅडम रक्तपेढीत असतात.
पिशवीवरची तारीख वाचावी
तसं त्यांनी माझं तोंड वाचलं, आणि पानं टाकली.
शिंगवीनं बटण बोटांवर तोललं (धंदाच तो)
आणि दिलं.

चौथं पान बदामची दुर्री.
कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.
मी तीन पितळी मागितली.
त्यानं तीन तोलली, तीन दिली.
मी दर सांगत होतो, तो चढा दर मोजत होता,
म्हणजे इथवर मी बरोबर होतो.
हे ध्यानात असू द्या, कारण

पाचवं पान किलवरची तिर्री.

मी टेबलावर बोट टेकवलं, बोली नाही.
शिंगवीनं उरलेली बटणं एका रांगेत लावली,
रांग सरळ आहे ना ते वाकून पाहिलं,
आणि सगळी ढकलली.
हा माणूस काट्यात मासाभरही फरक ठेवत नाही.

मी राण्या पुन्हा पाहिल्या.
पानं तीच, चेहरे तेच,
फक्त त्यांचे अकरा वाजले होते.
पालथ्या टाकल्या.

"होतं काय तुझ्याकडे?" मी विचारलं.
शिंगवी बटणं डब्यात भरत म्हणाला,
"बघायचे पैसे पडतील."

रविवारी यार्डात सगळ्यात मोठी आवक.
झोप नव्हतीच, तसाच गाळ्यावर गेलो.
पहिलं गिऱ्हाईक, कॅम्पातला एक मिठाईवाला,
पाटीवर वाकून म्हणाला, "एक फोडून बघू?"
एकोणीस वर्षांत मी याला
कधी हो म्हटलेलं नाही.
"घ्या," म्हटलं. एक मीही घेतलं.

आत मुंगी होती,
घरच्यासारखी बसलेली.
तिच्याकडे मी काहीच मागितलं नव्हतं.