हौसिंग

मी हौसिंगचं काम करतो म्हणालो
की लोक प्लॉटचा भाव विचारतात.

परभणीत, एमआयडीसीच्या तिसऱ्या गल्लीत
एकोणीस वर्षं लेथवर उभा आहे.
बीडाचा डबा आतून कोरतो
(बीड म्हणजे जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड),
डब्यात बेअरिंग, बेअरिंगमध्ये शाफ्ट,
शाफ्ट फिरतो तेव्हा सेलू-जिंतूरकडच्या विहिरींचं पाणी
वर येतं.
त्या डब्याला म्हणायचं हौसिंग.
स्वतः फिरत नाही.
फिरणाऱ्याला जागा देतं.

जब्बार उस्तादांनी अर्थ सांगितला नव्हता,
आत बोट फिरवायला लावलं होतं.
केसभर सैल झालं की बेअरिंग आतल्या आत घुमतं,
मग नवं टाका, सोन्याचं टाका.
"घरइच ढिल्ला है तो कौन टिकता रे."

पोरगी सातवीत आहे, डिक्शनरी उशाला घेऊन झोपते.
तिनं शोधून काढलं :
हौसिंग म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं कापडसुद्धा.
"पण पप्पा, तो शब्द वेगळ्या गावचा.
दोघं चुकून एका उंबऱ्यात आले."
आणि मूळ हाऊस कुठून आला?
कुणी म्हणतं झाकण्यावरून, कुणी लपण्यावरून,
नक्की कुणालाच ठाऊक नाही.

सासऱ्यांनी बैल विकले, झूल नाही विकली.
आमच्या वॉशिंग मशीनवर असते ती आता,
आरसे लावलेली.
मशीन सुरू झालं की थरथरते,
वाटतं, खाली कुणीतरी उभं आहे.

वसमत रोडला ऑटोवाले ओरडतात :
हौसिंग, हौसिंग, एक सीट हौसिंग!
परवा माझ्या शेजारी एक बाई बसली,
मांडीवर डबा, नखांत सिमेंट.
म्हणाली, "रोज माझ्याच नावानं बोंबलायलाय मेला."
नाव काय विचारलं.
हौसाबाई.

पोरगी माझ्या कानात कुजबुजली,
हौस अरबीतून आली म्हणून.
कशी आली, घोड्यावरून की पायी,
ते पुस्तकात नाही.
बाईनं ऐकलं असावं.
"कुठून का येईना," ती म्हणाली,
"चार पोरींवर मी झाले तरी बापानं हौसच नाव ठिवलं.
ह्या हौसिंगात दोन वरीस माल वाहिला बघा.
भिंती व्हत्या, दारं नव्हती, तवर आतच ऱ्हात व्हतो,
बारा नंबरात. चूल खिडकीपाशी.
फरशी बसली, मंग निघालो."
"आणि आता?"
"आता बी हितंच की. पलीकडं."

त्या दिवशीचं एक हौसिंग सैल झालं होतं माझ्या हातून.
उस्ताद असते तर भंगारात गेलं असतं.
पिशवीत घातलेलं, घरी नेत होतो,
पोरगी त्यात पेनं ठेवणार होती.
मी पिशवीतच बोट घालून आत फिरवत बसलो.

ऑटो थांबला.
हौसिंग! पोरगा ओरडला.
"ओ," म्हणाली बाई, उतरली,
पदर खोचला,
आणि कमानीकडं पाठ करून चालू लागली.