निळ्यांचा हिशेब

आई गेल्यावर वडिलांनी निळ्या कोंबड्यांचं वेड घेतलं.
अंदालुसियात ज्याला निळं म्हणतात
ते खरं तर ओल्या पाटीचं राखाडी,
पिसापिसाला काळी किनार.

दर वसंतात
निळा कोंबडा, निळ्या तलंगा निवडायच्या,
खुडूक कोंबडीखाली सोळा अंडी,
आणि एकविसाव्या दिवशी गुडघे टेकून मोजायचं:
आठ निळी. कधी सात. एकदा नऊ.
बाकीची काळी कुळकुळीत,
नाहीतर पांढरी, वर दौत झटकल्यासारखी.

"रक्तात खोट आहे," ते म्हणत,
आणि ती खोट जरा मोठी झाली की टोपलीत घालून
मला भिंतीपलीकडे धाडत, कासिल्दाकडे.
रश्श्यासाठी.

कासिल्दाचा नवरा जर्मनीत गाड्या जोडायला गेलेला,
पहिली तीन वर्षं पत्रं आली.
"एकटीसाठी कुणी हंडा चढवतं का गं?"
असं म्हणत तिने टोपली उपडी केली
ऑलिव्हच्या सावलीत.

अकराव्या वर्षी भिंतीचा कोपरा ढासळला
आणि वडिलांना पलीकडचं दिसलं:
एकोणीस पिल्लं.
एकोणीसच्या एकोणीस निळी.

"अंडी चोरलीस माझी!"
कासिल्दाने हात पुसले. बोट दाखवलं.
झाडाखाली कोळशासारखा एक कोंबडा,
भोवती शिंतोडे उडालेल्या सहा कोंबड्या.
"हे तूच दिलेस, युलोजिओ."

वडिलांनी तीनदा मोजलं.
त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढे ग्रनादाच्या कॉलेजात
मास्तरांनी फळ्यावर चार चौकोन काढले.
काळं जिंकत नाही, पांढरं हरत नाही,
दोघं अर्ध्या वाटेवर भेटतात, तो निळा.
पण भेट वारशाने देता येत नाही;
अंड्यात उतरताना जो तो पुन्हा एकटा.
सगळे वहीत उतरवत होते.
मी चौकोनांच्या मधल्या रेघेकडे बघत होते,
तिला चुना लावायचा राहिलाय असं वाटत होतं.

सुट्टीत घरी जाऊन वडिलांना समजावलं.
ऐकून घेतलं त्यांनी, मान हलवली,
आणि वसंतात पुन्हा निळ्यालाच निळी.
आठ. सात. पुन्हा आठ.

भिंतीचा तो कोपरा कुणी बांधला नाही.
टोपली मात्र आता तेच नेत,
दाढी करून,
आणि परतायला त्यांना अंधार होई.