मे, दुपारी चार

मोजणी सुरू करायची ती या वेळेपासून.
तुळपुळे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
मालकाला काय हवंय ते नंतर विचार,
आधी सूर्य कुठे मावळतो ते बघून ये.

घणसोली, चौथा मजला, वर उघडी गच्ची.
डायलिसिसच्या बारा खुर्च्या.
जुने एसी थकलेत, एक तर नुसताच ठिबकतो,
खाली निळी बादली.
मालक म्हणाले, पेडणेकर मॅडम, यात मोजायचं काय?
शंभर फुटांना एक टन. अकराशे फूट, अकरा टन.
सही करा.

मी टेप काढली.

पश्चिमेची काच वीस बाय सहा,
एकटीच दीड टन.
गच्चीचा स्लॅब उशिरा बोलतो.
दुपारचं ऊन पोटात ठेवतो
आणि संध्याकाळी सातला खाली सोडतो,
तेव्हा तिसरी पाळी चालू असते,
दिवे लागलेले असतात,
आणि सगळ्यांना वाटतं, उन्हं तर कधीच उतरली,
मग हे कुठून येतंय?

दार तासाला किती वेळा उघडतं?
बाहेरच्या बाकावरून कोणी ना कोणी उठतं,
फटीतून डोकं आत घालतं,
"झालं का?"
मी अर्धा तास मोजलं, मग दुप्पट करून लिहिलं.

ताजी हवा खाडीकडून येते, ओली, जड.
तिच्यातली निम्मी उष्णता थर्मामीटरला दिसतच नाही.
तिला सुप्त म्हणतात.
ती काढायला यंत्राला सगळ्यात जास्त दमावं लागतं,
आणि काढली की तिचं होतं काय,
तर बादलीभर पाणी.

मग माणसं.
तक्त्यात माणसांच्या ओळी आहेत:
नाटक बघत बसलेला,
टेबलाशी काम करणारा,
हातोडा मारणारा, नाचणारा.
प्रत्येकाची उष्णता ठरलेली.
चार तास पडून राहिलेला नाही.
आपलं रक्त नळीतून बाहेर पाठवून
ते परत यायची वाट बघणारा नाही.
मी बाराही जणांना "बसलेला" मध्ये घातलं,
वर दोन सिस्टर, एक टेक्निशियन.
पंधरा माणसं मिळून अर्धा टन.
काचेच्या एक तृतीयांश.

सात नंबरवर चांगूबाय मढवी,
हनुवटीपर्यंत ब्लँकेट, डोक्याला माकडटोपी.
"यो एसी बंद कर गो पोरी. हारां गारठली माजी."
आणि मशीनशी वाकलेली सिस्टर,
कानाशेजारून घाम गळतोय,
"मॅडम, जरा वाढवता येईल का?"

मी जाळीशी थर्मामीटर धरला. चौदा.
चौदाचा झोत, थेट सात नंबरवर.
आणि जाळीच्या अर्ध्या भागावर
सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा,
चिकटपट्टीनं लावलेला, थोडा तिरका.
कुठल्याच नकाशात नव्हता.
कोन मात्र असा,
की मी प्रोट्रॅक्टर लावला असता तरी
दोन-चार अंशांचाच फरक निघाला असता.

"यो कोनी लावला?"
माझ्या तोंडून तिचीच बोली आली.
"बारा नंबरच्या दादान.
माज्यासाठी खुर्चीवर चरून लावलान."
मग थोडं थांबून,
"आता नाय येत त्यो."
बारा नंबरवर एक कॉलेजचा मुलगा होता,
कानात इअरफोन, डोळे मिटलेले.

रात्री ऐरोलीच्या घरी बेरीज केली.
नऊ पूर्णांक दोन. वर दहा टक्के सुरक्षेचे.
म्हणजे दहाच्या जरा पुढे.
मालकाच्या अकरापासून फार लांब नाही,
हे मान्य करावं लागतं.

फक्त एक जाळी चार फूट सरकवली,
सिस्टरच्या टेबलावर.
सात नंबरच्या वर छत कोरं ठेवलं.
नकाशाच्या कोपऱ्यात चौकट असते,
बदल क्रमांक, तारीख, कारण.
बदल क्रमांक एक.
कारणाशी पेन बराच वेळ थांबलं.
मग सगळे लिहितात तेच लिहिलं:
जागेवरील अडचण.