स्मरणिकेसाठी फोटो

रामबागेत, पोह्यांच्या गाडीला लागून माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, वीजबिल, आधारमधली चूक.
पागनीस काका आले ते फोन छातीशी धरून,
उन्हातून दही आणावं तसा.

महिला मंडळाला यंदा पन्नास वर्षं.
स्मरणिकेवाल्यांनी काकूंचा फोटो परत पाठवलाय, तिसऱ्यांदा.
"उघडत नाही म्हणून राहिलेत.
माझ्याकडे तर उघडतो. हे बघ."

मी वायर लावली.
माझ्याही पडद्यावर कोरा कागद, कोपरा दुमडलेला,
खाली आकडे, आणि टिंबापुढे चार अक्षरं: एचईआयसी.
"लेकीचा जुना फोन ना?
तो आपल्याच भाषेत फोटो काढतो, काका.
जागा कमी लागते, रंग जास्त मावतात.
फक्त दुसऱ्याच्या घरी गेला की मुका."

मला माहीत आहे ते.
पुण्याला मावशीकडे मी "जेवून राहिलेय" म्हटलं
तर सगळ्यांनी ताटातून माना वर केल्या.
मग चार दिवस मी "जेवतेय" म्हणत जेवले.
भूक तेवढीच होती.

"जेपीजी करून देते. दहा रुपये.
कुठेही उघडेल. प्रेसमध्ये, पोलिसात, वर चित्रगुप्ताकडेसुद्धा."

"थांब," काका म्हणाले, "आधी हे बघ,"
आणि काचेवर अंगठा दाबून धरला.

फोटो हलला.
काकू सोफ्यावर, चष्मा काढताहेत,
आत कुठेतरी कुकर शिट्टीवर आलेला,
आणि काकू समोर बघून म्हणतात,
"अहो, थांबा हो, मेलं"
एवढंच.
तीन सेकंद. त्यातलं मधलं एक पान म्हणजे फोटो.

"हे राहील?"
"नाही, काका."
"शिट्टी?"
"जेपीजीत फक्त दिसतं."
"आणि ते ‘मेलं’?"

मी माउसवर हात ठेवून बसले.
दिवसाला शंभर फोटो मी इकडचे तिकडे करते.
कान दिसायला हवेत, भिंत पांढरी, पन्नास केबीच्या आत.
काय गळालं, हे कुणी विचारलं नव्हतं.

बाहेर हॉर्न वाजला.
स्कूटीच्या मागच्या सीटवरून हात पुढे घालून
काकूच वाजवत होत्या, मांडीवर शेवेची पिशवी, दुधाची पिशवी.
"अहो, फोटो देऊन राहिलात की काढून राहिलात?
दूध नासेल!"

काका दाराकडे बघत राहिले जरा वेळ.
मग म्हणाले, "कर."

एक सेकंदही लागला नाही.
कोऱ्या कागदाच्या जागी काकू आल्या.
हनुवटी वर, ओठ मिटलेले, खाली ओळ येणार होती:
माजी चिटणीस.
नाकाच्या दोन्ही बाजूंना, चष्मा नुकताच उचललेला,
तिथे दोन लाल खळगे.

"हे पुसू का? सगळे पुसून घेतात."
"राहू दे."

वीस देऊन राहिले होते. मी दहाच घेतले.

रात्री शटर ओढण्याआधी
पडद्यावरची दिवसभराची रद्दी काढायला बसले.
तो दुमडलेल्या कोपऱ्याचा कागद तसाच होता.
दोनदा क्लिक केलं.
उघडत नाही.
उद्या पुसेन.