आ कर

घोड्याचा ओठ वर केला की मी त्याचं वय सांगतो.
पाच, सात, नऊ,
दाताच्या खळीत लिहिलेलं असतं.
चोइजिलने एकदा म्हातारी घोडी
तरणी म्हणून विकायला आणली.
मी नुसता अंगठा घातला तिच्या तोंडात
आणि हसलो.
तो काय समजायचं ते समजला.

अनुजिनच्या तोंडात मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

दंतसेविका दुलमा मोटारसायकलवर आली,
गुडघ्यांना मेंढीचं कातडं बांधून,
गळ्यात चिमुकली विजेरी.
"आ कर," म्हणाली.
वरचे चार दात हिरडीपाशी तपकिरी,
ओल धरलेल्या खुंट्यांसारखे.
ती रागावली नाही. एवढंच विचारलं,
रात्री बाटलीत काय देता?

कोकरांचे दिवस होते तेव्हा.
आम्ही दोघंही पहाटेपर्यंत मेंढ्यांत,
पोर रडू नये म्हणून दूध, दोन चमचे साखर घालून.
वर सणाच्या गोळ्या,
येईल तो पाहुणा तिची ओंजळ भरून जायचा.
शेजारीण म्हणाली, दुधाचेच तर दात, पडणारच आहेत.
दुलमा म्हणाली, पडतील तेव्हा पडतील,
तोवर ती चावणार कशाने?
आणि खाली नवा दात उभाय,
दाराशी थांबलेल्या पाहुण्यासारखा,
घराची अवस्था बघत.

तेव्हापासून रात्री ब्रश माझ्याकडे.
कोकराला दूध पाजताना धरतो
तसं तिचं डोकं माझ्या गुडघ्यांत.
पहिल्या आठवड्यात तिने अंगठा फोडला माझा.
घोडी कधी चावली नव्हती.
पेस्ट वाटाण्याएवढी, दुलमाने बजावलेलं.
आमच्या माळावर वाटाणा कुठला?
बकरीच्या लेंडीएवढी, असं मी लक्षात ठेवलंय.
अनुजिनला सांगितलेलं नाही.

बाहेर उणे तीस. ट्यूब दगड होते,
म्हणून दिवसभर ती अंगरख्यात, छातीशी.
बाजारात तपकिरीची डबी काढायला गेलो
तर हातात स्ट्रॉबेरीचं चित्र.
या वेळी चोइजिल हसला.

हा दुसरा हिवाळा.
काल खालचा एक पडला, पांढरा, धड.
मेंढीच्या शेपटीच्या चरबीत गुंडाळून
रिवाजाप्रमाणे आर्सलानला घातला,
नवा येईल तो कुत्र्याच्या दातासारखा यावा म्हणून.
त्याने चावलासुद्धा नाही, गिळला.

वरचे काळे पडतील तेव्हा?
तेही त्यालाच द्यायचे?
आणि त्याचे किडले तर?

मला उत्तर सुचेना.
आर्सलानला हाक मारली, मान काखेत धरली,
ओठ वर केला
आणि विजेरी तिच्या हातात दिली.
ती वाकली, अगदी दुलमासारखी,
कपाळाला आठी घालून:

"आ कर."