डावा पाय

माप ओलांडलं ते उजव्या पायानं.
देवळाची पायरी, नेरूळच्या फ्लॅटचा उंबरठा,
रुजू झाले त्या दिवशी कोकण भवनचा दरवाजासुद्धा.
आईनं बजावलेलं, उजवा पुढे.
डाव्या पायाला बावन्न वर्षांत
कुणी काही विचारलंच नव्हतं.

आता जयदास भोपी विचारतो,
"मॅडम, डावा पाय झोपला काय?"
सकाळचे सहा. टपावर पिवळी पाटी लावलेली वॅगन आर.
सीट मी इतकी पुढे ओढलेली
की श्वास घेतला तरी हॉर्न वाजेल.
पेडल तीन, पाय दोन.
एकतीस वर्षं लेखा शाखेत काढलेल्या बाईचा
हिशेब इथेच चुकतो.

"क्लच सोडा. हलू. तसा नाय.
तोंडातना माशाचा काटा कसा काढता, तसा."
मी काढते.
गाडी एक उचकी देते, दुसरी देते, मरते.
पाववाला सायकलवरून पुढे निघून जातो,
वळून बघत नाही, तेवढेच उपकार.
लांजेकर वहिनी मात्र चालायचं थांबवून बघतात.

विद्याधरला काचबिंदू.
समोरचं दिसतं, कडेचं गेलं.
रिक्षा, कुत्रा, पोरगं,
जे कडेनं येतं ते आता त्याच्यासाठी येतच नाही,
एकदम असतं.
वाशीच्या डॉक्टरांनी कागदावर एकच ओळ लिहिली
आणि याने किल्ली फ्रिजवरच्या वाटीत टाकली,
सुट्ट्या पैशांत.
पुढे दर रविवारी मुकाट्यानं ती घेऊन खाली जायचा,
बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करायचा,
दहा मिनिटं बसायचा गाडीत, खांब नंबर बाविसाकडे बघत,
वर यायचा, हात धुवायचा.
मी चहा टाकायचे. विषय निघायचा नाही.

पंधराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं
की जयदासच्या पायाशीही एक ब्रेक आहे. क्लचसुद्धा.
म्हणजे पामबीचवर परवा ती जी झोकात वळली,
घरी फोन करून सांगितलं मी ज्याबद्दल, ते?
"सुरुवातीला मीच होतो," तो म्हणाला,
"मंगळवारपासना तुमी."
आज शुक्रवार होता.
तीन दिवस मी एकटीच चालवत होते
आणि मला कुणी कळवलं नव्हतं.

मग पारसिक हिलचा चढ.
हँडब्रेक. पहिला गिअर. क्लच अर्ध्यावर.
बोनेट किंचित मान वर करतं,
आणि गाडी थांबते तशीच, पुढे नाही, मागे नाही,
नुसती थरथरत.
"हा अर्धा क्लच. हितं जास्त वेळ राहायचं नाय,
प्लेट जळते."
मी म्हटलं, माहितीये.
आमचं घर वर्षभर इथेच उभं होतं.

लायसन आलं. फोटोत मी घाबरलेली.
रविवारी विद्याधर डावीकडच्या सीटवर बसला,
आधी चुकून उजवीकडे आला होता,
दार उघडून क्षणभर उभा राहिला, मग फिरला.
रस्त्याकडे बघत नव्हता, इंजिन ऐकत होता.
"तिसरा टाक."
"टाकलाय."
"कधी?"
शिरवण्याच्या पुलावर, मी सांगितलं.
तो गप्प झाला. काच थोडी खाली घेतली त्याने.

किल्ले जंक्शनला सिग्नल सुटला
आणि गाडी गचका खाऊन बंद पडली.
मागे टँकर, टँकरमागे अख्खी बेलापूर.
हॉर्नच हॉर्न.
सगळं शिकलेलं डोक्यातून वाहून गेलं,
न्यूट्रल कुठे, किल्ली कुठे.

हाच माणूस एकेकाळी
माझ्या हातून दार जोरात लागलं तरी ओरडायचा.
म्हणाला, "वाजवू देत त्यांना."

आणि त्याचा उजवा पाय
खालच्या रबरी मॅटवर, जिथे काहीच नाही तिथे,
पूर्ण जोर लावून दाबलेला,
जणू दोघांच्या वतीनं त्यानंच गाडी थोपवून धरलीय.

मी डावा पाय खाली नेला.
किल्ली फिरवली.