वाळू, विस्तव, संत्र्याची साल

रोडग्याचा बेत ठरला की
आमच्या घरात वेळेवर उठतो तो उकंडकाका एकटाच.
अंगणातल्या नळाच्या तोटीवर हात ठेवून
तो हवामान सांगतो:
"धुवारी हाये. दहा वाजेपर्यंत काई ऊन निंघत नाई."
आणि निघत नाहीच.

रंजूवहिनीनं वर्ध्याहून ओव्हन आणलाय, हप्त्यावर.
खोकं फेकता आलं नाही,
त्यात मांजर व्याली.
आज पहाटेच तिनं पीठ फेटलं,
घरच्या झाडाचं संत्रं, आंबटढोण,
म्हणून साखर दुप्पट,
आणि साल किसून टाकली तेव्हा
अख्खं घर सोलल्यासारखं झालं.
काचेआड पिवळा दिवा लागला.
आम्ही सात जण स्वेटर-मफलरात
समोर बसलो, मॅच लागावी तसे.
केक फुगला.
आणखी फुगला.
मग लाइन गेली.

लाइनमन फोनवर म्हणाला, फॉल्ट हाये.
कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

वहिनी काही बोलली नाही.
डबा टॉवेलात गुंडाळून
ट्रॉलीत मांडीवर घेऊन बसली.
कणीक, तेल, वांग्यांची थैली, गवऱ्यांचं पोतं,
देवकाआत्या, तिची चटई, तिची गुडघ्याची गोळी,
सगळं चढलं.
फाट्यापर्यंत कुणी केकचं नाव काढलं नाही.
मग टिनू म्हणाला, "मेला का तो?"

दोन्ही बाजूंनी तूर इतकी वाकलेली
की आत्या चालत्या ट्रॉलीतूनच शेंगा ओरबाडायची.
हरभऱ्यात एक रोही उभा,
आमच्याकडे पाहत, तोंड चालूच,
जसं काही शेत त्याचं आणि पाहुणे आपण.

नाल्याच्या थडीला काकानं गवऱ्या रचल्या.
बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता तो.
अजून प्रत्येक गोष्ट मोजतो:
अडतीस रोडगे, सव्वीस वांगी,
माणशी दोन मिरच्या, जावयाला एक.
विस्तव खाली बसला, लाल झाला,
तसे रोडगे त्यात पुरून
तो कान लावून बसला. रोडगा शिजला की तडकतो, म्हणतो,
ऐकू आलं पाहिजे.
गंजात भाजी रटरटत होती,
नाकातोंडात लसूण आणि धूर,
आत्या शेंगा उकडायला टाकून
घोळाण्यासाठी हरभऱ्याची पानं खुडत होती,
पानांवरच्या आंबेनं तिची बोटं चिकट झालेली.

"आन तो डबा," काका म्हणाला.
मोठ्या गंजात नाल्याची वाळू टाकली,
वाळूवर डबा, वर झाकण, झाकणावर निखारे.
वहिनीनं विचारलं, "किती डिग्री, मामंजी?"
तो हसला नाही.
तळहात निखाऱ्यांवर धरून, थोडा वर, थोडा खाली,
म्हणाला, "एवढी."

काकानं केक आयुष्यात एकदाच खाल्ला होता,
निवृत्तीच्या दिवशी, डेपोत.
त्यावर उत्तमराव लिहिलं होतं.
त्यानं तेवढं अक्षर सोडून बाकीचा खाल्ला.

रोडगे फडक्यात झटकले, राख उडाली,
चुरले, तुपानं भिजवले,
आणि मग बराच वेळ कुणी कुणाशी बोललं नाही.
जावयानं तिसरी मिरची मागितली, मोजणी बिघडली.

केक बाहेर काढला.
बूड करपलेलं, मध्ये खड्डा,
कडा मात्र पिवळ्याधम्मक.
चाकू घरी राहिला होता, वहिनीनं तो विळ्यानं कापला.
धूर होता त्यात, संत्रं होतं,
दाताखाली एक वाळूचा कण.
काकानं सवयीनं त्याच्यावर तूप ओतलं.
आम्ही ओरडायच्या आत त्यानं घास घेतला,
डोळे मिटले, दुसरा तुकडा पुढं ओढला,
आणि वहिनीकडं न पाहता म्हणाला,
"पुढच्या बारीले साखर कमी टाक."
वहिनीनं मग वाटी पुढं केली. तिलाही तूप पाहिजे होतं.

परतताना थंडी पायातून चढली.
टिनू पोत्यावर झोपला, मुठीत उकडलेली शेंग.

घरी आलो तर लाइन आलेली.
बटण बंद करायचं राहून गेलं होतं.
अंधाऱ्या स्वयंपाकघरात तो पिवळा दिवा
रिकामाच भाजत बसला होता,
आणि मांजर पिल्लांना एकेक करून उचलून
काचेसमोर आणून ठेवत होती.
वहिनीचा हात बटणापर्यंत गेला.
"राहू दे घडीभर," काका म्हणाला.